नाव न घेता मारलेला फटका

किसाबुरोने “वज्रमूठ!” अशी आरोळी ठोकली आणि वरच्या कड्यावरचा बर्फ आमच्या अंगावर कोसळला. मी त्याला उपसून काढलं, तेव्हाही त्याची मूठ उगारलेलीच होती.

“फटक्याचं नाव मनातल्या मनात घे,” मी कुजबुजले. “पुन्हा ओरडलास तर अख्खा डोंगर खाली येईल.”

“मनात घेऊन जोर कसा येणार, ताई?”

समोर गुरुजींच्या औषधाची थैली पळवणारा लुटारू उभा होता. त्याचंही तेच म्हणणं. “आमच्या आखाड्यातही नाव घेतल्याशिवाय मारत नाहीत,” तो हळूच म्हणाला. मग नाव किती हळू घेतलेलं चालेल, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. तिकडे गुरुजी तापाने फणफणत होते.

मी सरळ लुटारूच्या टाळक्यात काठी घातली आणि थैली काढून घेतली.

“निदान नाव तरी सांगायचं,” तो बर्फात पडल्या पडल्या कुरकुरला.

किसाबुरोनेही मान डोलावली. “खरंच ताई, काय नाव या फटक्याचं?”

माझं डोकंच फिरलं. “गप्प बसा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

“नाव चांगलं आहे,” लुटारू म्हणाला, आणि अख्खा डोंगर खाली आला.