मोरीपर्यंतची ट्रायल

बाबा पिकअपमध्ये बसले आणि ओरडले नाहीत, याचंच थोरल्याला नवल वाटलं. एरवी त्यांना केबिनमध्ये चढवायचं म्हणजे गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आज थोरल्याने एका काखेत आणि मिस्त्रीने दुसऱ्या काखेत हात घालून त्यांना सीटवर टेकवलं. मिस्त्रीने वाकून त्यांचे दोन्ही पाय उचलून आत ठेवले. तरी बाबांनी शिवी दिली ती फक्त सीटच्या कव्हरला.

"काका, चारही शॉकॲब्सॉर्बर नवे कोरे टाकलेत," मिस्त्री हात पुसत म्हणाला. मग थोरल्याला बाजूला घेऊन त्याने आवाज खाली आणला. "तरी एक सांगून ठेवतो. ही माल वाहायची गाडी. मागचे स्प्रिंगचे पाटे वजनासाठी केलेले असतात. हौदा रिकामा असला की ती उडणारच. उद्या निघताना मागे वाळूची पोती टाका, मग फरक कळेल. आत्ताच फार आशा ठेवू नका."

थोरल्याने मान हलवली, पण ठेवायची तेवढी आशा त्याने ठेवलीच. उद्या बाबांना तपासणीसाठी शहरात न्यायचं होतं आणि रस्ता सगळा उखडलेला. मागच्या खेपेला प्रत्येक खड्ड्यात ते असे कळवळले होते की थोरल्याला गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागली. शेवटी तो स्वतःच स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला होता. बाबांचा मणका याच गाडीने खिळखिळा केलेला, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायचं म्हटलं की बाबा नाक मुरडणार. डॉक्टर मात्र शांत होते. "ओरडतायत ना, मग मी घाबरत नाही," असं म्हणाले होते. घरात त्या वाक्याचा विनोद होऊन बसला होता. बाबा कुणावर खेकसले की सून आतून म्हणायची, "ओरडतायत ना, मग काळजी नाही."

गाडी गॅरेजबाहेर पडली. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच ठरलं होतं. पहिला खड्डा आला तसा थोरल्याने श्वास रोखला आणि तिरक्या नजरेने बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"लागलं का?"

"नाही रे. बरी चालतेय."

बाबांच्या तोंडून 'बरी' हा शब्द थोरल्याने उभ्या आयुष्यात क्वचितच ऐकला असेल. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचा खड्डा त्याने मुद्दामच चुकवला नाही. बाबा गप्प. स्पीडब्रेकर आला, तरी बाबा गप्प. परत गेल्यावर त्या मिस्त्रीला सगळ्यांसमोर मिठीच मारायची, असं थोरल्याने ठरवून टाकलं.

"सकाळपासूनच आराम वाटतोय," बाबा म्हणाले. "कंबर आहे की नाही, तेच कळत नाही बघ. उद्याचा हेलपाटा कशाला उगाच? राहू दे."

"बघू," थोरला हसत म्हणाला.

मोरी आली. तिच्या तोंडाशी डांबर उखडून पायरीच झाली होती. थोरल्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला. रिकामा हौदा उडाला, मागचे पाटे धाडकन आदळले, आणि खुद्द थोरल्याचे दात आपटून जीभ चावली गेली. तोंडात रक्ताची चव आली. मिस्त्री खरंच बोलला होता. शॉकॲब्सॉर्बर नवे होते, गाडी तीच होती.

"लोण्यासारखी," बाबा म्हणाले. "मिस्त्रीच्या हाताला गुण आहे."

थोरल्याने गाडी कडेला घेतली. बाबांच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून त्याने खाली पाहिलं. मिस्त्री जॅकची दांडी केबिनमध्येच विसरला होता. ती घरंगळत येऊन बाबांच्या डाव्या पायावर आदळली होती आणि तिथेच आडवी पडली होती. चप्पल निसटली होती, अंगठ्याचं नख सोललं होतं आणि रबरी मॅटवर रक्त पसरत होतं. बाबा मोरीखालचं पाणी बघत होते.

डॉक्टरांचं बोलणं त्या एका वाक्यावर संपलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत तो जे विसरून गेला होता, ते आता त्याला शब्दन् शब्द आठवलं. 'दुखायचं अचानक थांबलं, पाय बधिर झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. तडक निघा.'

"थांबलास का?" बाबांनी विचारलं. "चल की. आज कधी नव्हे ते छान वाटतंय."

इंजिन चालूच होतं. थोरल्याने डावा हात बाबांच्या मांडीवर ठेवला आणि जीव खाऊन आवळला. बोटांची पेरं पांढरी पडली.

"बाबा, बाहेरच बघत राहा. माझा हात कुठे आहे, सांगा."

"कुठे असणार? गिअरवर," पाण्यावरची नजर न काढता बाबा खेकसले. "आणि तिथेच राहू दे."