घामेजलेली कोंबडी

जावई आला म्हणून देवकाबाईंनी वांग्याच्या वाफ्यात शिरलेली कोंबडी धरली. हाताला चिकट घाम लागला आणि त्यांना शिसारी आली.

पन्नास अंशांच्या उन्हात कोंबड्या तगाव्यात म्हणून हल्ली त्यांच्या अंगात माणसाच्या घामग्रंथी वाढवत. कातडीचा नमुना घरच्याच कुणीतरी द्यायचा. देवकाबाईंच्या नवऱ्याने तो हौसेने दिला होता. कोंबड्या कापायचाही तोच. वर्षापूर्वी तो गेला.

"आई, कापलीस का? वाटण तयार आहे," म्हणत लेक वनिता परसात आली.

"आधी हिचा वास घे."

वनिताने नाक जवळ नेलं आणि तोंड दाबून मागे सरली. "बाबांच्या बनियनचा!"

ती न्हाणीकडे धावली. ओसरीवरून जावयाची हाक आली, "आई, मागच्या वेळची चव अजून जिभेवर आहे हं!"