सातवा रकाना

सातव्या रकान्यापाशी सिंधूचं पेन थांबलं. ‘ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांचे नाव व नाते.’

“तुळशीराम,” सोजराबाई म्हणाली. “माहा लेक.”

सिंधूनं कागदावर दोन ओळी वर पाहिलं. ‘अर्जदारास कमावता मुलगा आहे काय?’ त्यापुढे तिनं आत्ताच ‘नाही’ लिहिलं होतं. ते लिहिताना मांडीवरचं अकरा महिन्यांचं बाळ तिनं उचलून खाली सतरंजीवर ठेवलं होतं. कागदच तो, हे बी. ए. झालेल्या सिंधूला कळत होतं. तरी मांडीवर मुलगा असताना तो शब्द लिहवेना.

“आजी, वर तर मुलगा नाही असं लिहिलंय.”

“त खोडा थे.”

“खोडलं तर फोन मिळायचा नाही. ज्यांना पाहणारं कोणी नाही, त्यांच्यासाठीच आहे हा.”

खामगावच्या कुण्या व्यापारी मंडळानं ही सोय काढली होती. निराधार म्हाताऱ्यांना महिन्यातून एक ट्रंककॉल, तीन मिनिटं, मंडळाच्या खर्चानं. सिंधूचा नवरा शेषराव नांदुऱ्याचा पोस्टमास्तर. त्याला काउंटरवरून मान वर करायला फुरसत नसे, म्हणून असले अर्ज मागच्या ओसरीत सिंधूकडे येत. छापील कागदावरचं ‘मुंबई राज्य’ खोडून कोणीतरी वर शाईनं ‘महाराष्ट्र’ लिहिलं होतं. राज्य खोडता येत होतं. पाचव्या रकान्यात खाडाखोड चालणार नव्हती.

“कमावते त तो,” सोजराबाई म्हणाली. “पन माह्यासाठी कुठी कमावते?”

तुळशीराम नागपूरला लाकडाच्या वखारीत दिवाणजी होता. चार वर्षांत तो वडनेरला आईकडे आला नव्हता. त्याला मुलगा झाल्याचं सोजराबाईला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. गेल्या साली तिनं दोनदा पदरमोड करून फोन लावून पाहिला. ‘नांदुऱ्याहून तुमच्या आईचा फोन’, असं शेषरावनं सांगितलं की वखारीतून उत्तर यायचं, दिवाणजी बाहेर गेलेत. दोन्ही वेळा तेच.

“त्याले काम लय असते,” तेव्हा ती म्हणाली होती. तिला त्याचा आवाज तेवढा एकदा ऐकायचा होता.

आता तिनं थोडा विचार केला. “असं करा बाई. ओळखीचा लिवा. ओळख त हाये ना.”

सिंधूनं नात्याच्या जागी ‘ओळखीचे’ असं लिहिलं आणि बाळाला घाईघाईनं परत मांडीवर घेतलं.

मंजुरी आली त्या सोमवारी सोजराबाई सकाळच्या मोटारीनं आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून नीट पदर. मोठ्या माणसापुढे उभं राहावं तशी ती टेलिफोनपुढे उभी राहिली. शेषराव कागदावर असेल तेवढंच बोलणारा माणूस. लाइनवर खरखर चालली होती, म्हणून तो ओरडूनच बोलला, “तुळशीराम दिवाणजी आहेत का? नांदुऱ्याहून फोन आहे. एक ओळखीच्या बाई आहेत.”

मग त्यानं चकित होऊन रिसीव्हर पुढे केला. “आले की हो! लगेच आले.”

सिंधू बाळाला घेऊन दारात उभी होती. म्हातारी आता रडेल, याची तिला आधीपासून धास्ती. पाणी तिनं भरूनच ठेवलं होतं.

सोजराबाईनं ऐकलं. तोंड उघडलं, मिटलं. मग पदर सारखा केला.

“हाव जी. बरे हाये का तुमी?”

तुमी? सिंधूनं बाळाच्या तोंडातली त्याची मूठ काढली आणि कान दिला.

“लेकरू चालते का आता?... हो का! पयते बी?... नजर काढत जा त्याची.” बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, “अन् माय कशी हाये जी तुमची?”

खरखर सिंधूला दारातूनही ऐकू येत होती. सोजराबाई मान हलवत होती.

“बरं. बरं जी. असेच सुखात राहा.”

तीन मिनिटं संपली. ती रडली नाही. तिनं पाणीही घेतलं नाही.

“दुसरंच कोणी होतं का हो, आजी?”

“दुसरं कोन राहीन? तुळश्याच होता.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?”

“सांगनारच होती. पन त्यानं पयलेच इच्यारलं, कोन बाई बोलून राह्यल्या, काई काम होतं का म्हने. बाई म्हने मले! इतक्या गोडीनं तो लग्नाच्या आंधी बी नाई बोलला. मंग काऊन सांगू?”

“आणि... आईचं काय म्हणाला?”

“खुशाल हाये म्हने.” सोजराबाईचा चेहरा उजळला. “माह्याजवळच राह्यते म्हने. नातवाले खेळवते. काई कमी नाई पडू देत मी तिले, असं म्हने.”

 सिंधूनं बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते रडायलाच लागलं.

“हळू धरा वो त्याले,” सोजराबाई म्हणाली आणि ओसरीत फतकल मारून बसली. “अन् फुडच्या महिन्याचा कागद आत्ताच भरा, बाई. नातं तेवढं बदलू नोका.”