ओ!

ब्रह्मा घाटाच्या गल्लीतून भर दुपारी आवाज आला, "आई?"

"ओ! आले रे," प्रभावतीबाई बोलून गेल्या, अर्ध्या उठल्यासुद्धा.

मग चूक कळली.

तोंड आधी, डोकं मागून. त्यांना आई म्हणणाऱ्या एकुलत्या एका प्रल्हादच्या तसबिरीला हार चढून चार वर्षं झाली होती. चक्की बंद करून खाली ओट्यावर बसलेला चक्कीवाला रामदुलार हिंदीत विचारत होता, सकाळी गेलेली बिजली आली का म्हणून.

"अरे चाची, सो गईं का? आई कि नाहीं?"

बाई खिडकीशी आल्या. "अभी नहीं, बेटा. थोडी देर में फिर पूछना."



आणि त्यांनी नुकताच फिरू लागलेला पंखा बंद केला.