तीन नंबरची छत्री

“खिडकी लावा हो कोणीतरी, ओकारी येईल,” परीक्षक मंडळाचे अध्यक्ष प्यो नाक दाबून म्हणाले.

खिडकीखाली गिंकोच्या झाडांची रांग होती. ऑक्टोबर म्हणजे फळं गळायचे दिवस. ती पायाखाली फुटली की उलटीसारखा वास सुटतो, आणि दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराची ही सरकारी संशोधन संस्था महिनाभर त्या वासात बुडून जाते. आता संस्था नव्याने बांधायची होती. स्पर्धेत अकरा आराखडे आले होते. दहा जणांनी झाडं कापून टाकली होती. एकट्या तीन नंबरने ती ठेवली होती.

परीक्षकांपैकी माएंग बाई तीन नंबरच्या फलकासमोर उभ्या होत्या. चाळीस वर्षं वास्तुकला शिकवल्यावर कुठलं काम सरस आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. जुनी इमारत वाचली होती. प्रत्येक प्रयोगशाळेचं दार झाडांखाली उघडत होतं. बघताक्षणी तिथे जाऊन बसावंसं वाटत होतं. आणि त्याच चित्रात, स्वच्छ निळ्या आकाशाखाली, एक बाई पिवळी छत्री उघडून चालली होती.

माएंग बाईंना किळस आली.

स्पर्धेत नावं नसतात, नुसते नंबर. म्हणून मग खुणा असतात. कोणी चित्राच्या कोपऱ्यात लाल कुत्रा काढतो, कोणी तीन पतंग, आणि निकालाच्या आधी परीक्षकांचे फोन खणखणू लागतात. माएंग बाईंनी असले फोन आयुष्यभर आपटले होते. भेट म्हणून आलेल्या नाशपातीच्या पेट्या दारातूनच परत पाठवल्या होत्या. त्यांच्या सोवळेपणाला लोक पाठीमागे हसत आणि समोर वचकून असत. पण मंगळवारी फोन आला तो बांग थे-ग्यूचा, त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याचा. “बाई, आमच्या चित्रात पिवळी छत्री आहे. बाकी तुम्ही जाणता.” त्यांनी तोही फोन आपटला होता.

“तीन नंबर बाद करा,” माएंग बाई म्हणाल्या. “ती छत्री खूण आहे. मला फोन आला होता.”

“कोणाचा?” प्योंनी विचारलं.

नाव सांगितलं की त्या माणसाला पाच वर्षं सरकारी काम बंद. बाईंना विशीतला बांग आठवला. त्यांच्या घरी जेवायला यायचा आणि लाजत लाजत दुसऱ्यांदा भात मागायचा. स्पर्धा हरेल, तेवढी अद्दल पुरे.

“नाव राहू द्या. पण तुम्हीच बघा ना. पाऊस नाही, ऊन कोवळं. हिला छत्री कशाला?”

सगळे हात वर गेले. तीन नंबर भिंतीवरून उतरला. मग सात नंबर जिंकला. सगळी झाडं कापून उभा केलेला काचेचा ठोकळा. माएंग बाईंनी नाक मुरडून सही केली.

खालच्या सभागृहात स्पर्धकांसमोर पाकिटं उघडली. सात नंबर, बांग थे-ग्यू. बाईंना वाटलं, वाचणारा चुकला. तीन नंबर गुनसान गावच्या एका नवरा-बायकोचा निघाला, दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस. ती दोघं शेवटच्या रांगेत होती. बायको नवऱ्याच्या पाठीवर थोपटत होती.

गर्दी पांगल्यावर बांग आला आणि कमरेत वाकला.

“तुझी छत्री कुठे गेली रे?” बाईंनी विचारलं.

“माझी कुठे होती, बाई? सगळ्यांचे फलक एकाच छापखान्यात छापतात. तिथे दिसली.” आवाज तोच, भात मागतानाचा. “छत्रीला तुम्ही सोडणार नाही आणि माझं नाव घेणार नाही, दोन्हींची खात्री होती. तुमच्याइतकं सरळ माणूस नाही या धंद्यात.”

“मी आत्ता वर जाऊन सांगते.”

“सांगा की. पण दुपारी नाव का गिळलंत, ते आधी तुम्हालाच विचारतील.”

बाईंना पुन्हा किळस आली. या वेळी ती स्वतःचीच होती. प्यो त्यांच्यासाठी गाडी घेऊन थांबले होते. सकाळी त्याच गाडीतून सगळे मागच्या दाराने आत आले होते. बाईंना त्या गाडीत बसवेना. त्या पुढच्या दाराने पायीच निघाल्या.

दाराशी एक मोठी टोपली होती. तीत पंधरावीस छत्र्या, सगळ्या पिवळ्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

“घ्या बाई,” दारावरच्या मावशी एक छत्री काढत म्हणाल्या.

“पाऊस कुठे आहे?”

“पावसाला नाही हो, फळांना! डोक्यावर टपाटपा पडतात. इथले सगळे शास्त्रज्ञ याच घेऊन फिरतात. महिन्याच्या सुरुवातीला गुनसानचं एक जोडपं आलं होतं. तीन दिवस इथेच पायरीवर बसून चित्रं काढत होतं. त्यांना भारी गंमत वाटली या छत्र्यांची.”

माएंग बाईंनी टोपलीतल्या छत्र्यांकडे पाहिलं. हात पुढे होईना.

“घ्या हो,” मावशींनी छत्री त्यांच्या हातात कोंबली. “एकदा अंगाला वास लागला ना, की कितीही धुवा, जात नाही.”