दोघींचेही तेरा

शंभर मीटरला माझ्या लेकीचे तेरा सेकंद आणि कोचच्या भाचीचेही तेराच. कोचनी पालकांना पाठवलेल्या एक्सेलमध्ये सगळ्या शर्यतींचे दशांश उडवून आकडे पूर्ण केले, 'बरोबरी' म्हणून जाहीर केलं आणि भाचीला संघात घेऊन मोकळे झाले.

सरासरी मात्र त्यांनी आधीच काढून ठेवली होती, ती बदलायला विसरले. तिथे दशांश शाबूत होते, आणि लेकीची सरासरी कमी होती, म्हणजे वेगवान तीच. मीही ऑफिसात दिवसभर फॉर्म्युलेच लिहिते. सरासरीवरून उलटा हिशेब लावून मी प्रत्येक शर्यतीचे उडालेले दशांश अंदाजाने काढले आणि लॅपटॉप घेऊन थेट मैदान गाठलं.

"ताई, हा नुसता अंदाज झाला," कोच हसले. "अंदाजावर निवड होत नसते."

"मग कशावर होते? नात्यावर?" माझा आवाज चढला.

लेक सरळ जाऊन सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली.



तिच्या शेजारच्या पट्टीत बुटाची नाडी आवळत भाची ओरडली, "मामा, अंदाज नको ना? मग वाजवा शिट्टी!"