आईचं माप

खोक्यात झगा नव्हता. पातळ कागद होता, डांबराच्या दोन गोळ्या होत्या आणि खोक्यावर बांधायची पांढरी फीत नीट गुंडाळून ठेवलेली होती.

मुलगी खोकं मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. रात्री आई गेली, आणि सकाळच्या गाडीने ती आली होती. आतल्या खोलीत आईला निजवलं होतं. एक वाजला होता, चारला अंत्यविधीसाठी पाळकसाहेब येणार होते, आणि आईच्या अंगावर अजून घरातलाच, कोपरावर ठिगळ लावलेला गाऊन होता.

"कपाटात बघितलंत का, ताई?" सुनेने विचारलं.

"सगळीकडे बघितलं, वहिनी."

"मग दिला असेल."

"काहीतरीच बोलू नका."

"अहो, ब्लँकेट दिलं, स्वेटर दिला. माझा नवा कुकर झाकणासकट गेला. आम्ही दोघं या घरात टिकलो ते नशीब म्हणायचं. कुणी मागितलं असतं, तर प्रार्थना करून आम्हालाही बांधून दिलं असतं." बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला. गेला महिनाभर सासूला चमच्याने पेज तीच भरवत होती.

"झगा नाही देणार ती. मला शब्द दिला होता."

गेल्या वर्षी आईनेच सांगितलं होतं, प्रभूकडे जायला एक बरासा झगा शिवून ठेव. मुलीचं पोट शिवणावर चालायचं, पण या झग्याला तिने मशीन लावलं नाही. सगळा हाताने शिवला. देताना बजावलं, आई, हा तरी कुणाला देऊ नकोस. आई हसली होती. "वेडी का काय? हा कोण मागेल?"

दारात गल्लीतली इस्त्रीवाली उभी होती. बराच वेळ उभी असावी.

"झगा शोधताय ना?" ती म्हणाली. "तो माझ्या आईला घातला."



"दोन महिने झाले. माझी आई गेली तेव्हा तिच्या अंगावर दवाखान्याची चादर होती. तुमच्या आई आल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत. काठी टेकत घरी गेल्या आणि हे खोकं घेऊन आल्या. मी हात जोडले, नको म्हणाले. तर म्हणाल्या, 'तुझ्या आईला आज जायचंय. मला अजून वेळ आहे.' इस्त्रीही मलाच करायला लावली. मग तिच्याजवळ गुडघे टेकून प्रार्थना केली. उठताना माझा खांदा धरून उठल्या."

"आणि मला कुणी सांगायचं नाही?" मुलीचा आवाज चढला.

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाल्या, लेकीला मीच सांगते. तिने डोळे फोडून शिवलाय, हे फोनवर कसं सांगू? ती आली की सांगते."

 आई फोनवर म्हणत होती, एकदा येऊन जा गं, तुला काही सांगायचंय. शाळांच्या गणवेशांचे दिवस होते. पुढच्या आठवड्यात येते, असं मुलगी चार आठवडे म्हणत राहिली.

तिने खोक्याचं झाकण लावलं आणि उठली. "पांढरं कापड काय आहे घरात?"

सुनेने कपाटं उघडली, मिटली. मग जेवणाच्या टेबलाकडे गेली आणि त्यावरचं मोठं पांढरं कापड ओढून घेतलं. "एवढंच राहिलंय. याच्यावर कायम कुणीतरी जेवत असायचं, म्हणून द्यायला जमलं नाही त्यांना."

कापडावर एका कडेला चहाचा डाग होता. तो मागच्या बाजूला जाईल, असं मुलीने ठरवलं. आईचं मशीनही कधीच शेजारच्या पोरीकडे गेलं होतं. ते दोन तासांसाठी मागून आणलं.

"माप घ्या," सून म्हणाली.

"पाठ आहे मला. छाती छत्तीस."

"घ्या, ताई."

इस्त्रीवालीने आईच्या खांद्याखाली हात घालून तिला अलगद उचललं. मुलीने पाठीमागून टेप फिरवली आणि पुढे आणून दोन्ही टोकं जुळवली. आकडा बघितला. टेप सोडली, पुन्हा फिरवली. एकोणतीस. तिने तो कागदावर लिहिला नाही.

मग बराच वेळ फक्त मशीनचाच आवाज होता. बाहेरच्या खोलीत माणसं जमू लागली. त्यांतला प्रत्येक जण आईने आपल्याला काय दिलं होतं ते एकमेकांना हळूहळू सांगत होता. इस्त्रीवालीने निखारे फुलवून इस्त्री तयार ठेवली. साडेतीन वाजता मुलीने झगा मशीनवरून काढला आणि गळ्याचे टाके हाताने घालायला घेतला.

सुनेने खालची बाजू उलटून बघितली. दोन्ही कडांच्या शिवणींत आतून चार-चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं.

"एवढं कापड आत कशाला ठेवलंत, ताई?"

मुलगी गळ्याशी शेवटचा टाका घालत होती. मान वर न करता, रोज गिऱ्हाइकांना सांगते तसं ती म्हणाली, "असू दे. पुन्हा अंग धरलं की उसवून सैल करता येतं."

आणि तोडायला तिने दोरा दातांत धरला, पण तिला तो तुटेना.